मन्नानाचा पितळी मासा

मन्नानाला दृष्ट लागण्याची भारी भीती. कसर हलाल गावातल्या आमच्या शिवणकारखान्यात नवं मशीन आलं, की ती त्याच्या पायाला पितळी मासा बांधायची. कुणाचं लग्न ठरलं, की नवरीच्या कपड्याच्या दुमडीत दृष्ट उतरवायच्या हरमलच्या बियांची पुरचुंडी आणि बोटाच्या पेराएवढा मासा शिवून द्यायची. आम्ही तिची टर उडवायचो आणि आपापल्या मुलींसाठी मासे शिवूनही घ्यायचो. तिच्या घरी अंथरुणाला खिळलेला मुलगा. त्याचं सगळं हिच्या पगारावर.

त्या वर्षी आमचा मालक मुक्दाद, आम्ही अदबीने ‘सी मुक्दाद’ म्हणायचो, घायकुतीला आला होता. युरोपात नवा कायदा आला: कपडा ज्याने बाजारात आणला, त्यानेच तो टाकून दिल्यावरही निस्तरायचा. तिकडच्या व्यापाऱ्यांनी ते लोढणं आमच्या गळ्यात अडकवलं. कापड, दोरा, बंद, लेबल, सगळं निव्वळ सुती हवं, म्हणजे पिंजून पुन्हा सूत काढता येईल. मुक्दादने पिंजण्याचं जुनं यंत्र आणलं आणि आम्हाला फैलावर घेतलं. त्या व्यापाऱ्यांकडून ओदिल नावाची बाई येऊन आमचे नमुने पिंजून बघणार होती. पसंत पडलं तर काम, नाहीतर कारखान्याला कुलूप.

आदल्या दिवशी मुक्दाद मन्नानापाशी वाकला. माझं मशीन शेजारीच.

"मावशी, त्या बाईचे डोळे निळेशार आहेत म्हणे, आणि निळ्या डोळ्यांची दृष्ट सगळ्यांत वाईट. नमुन्यांचं काहीतरी बघ ना."

"बघते की. दिसायचंसुद्धा नाही."

"म्हणून तर तुला सांगतोय!"

दृष्टीच्या धास्तीपुढे दोघांचीही अक्कल गहाण पडली. नमुना पिंजला जाणार आहे, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहिलाच अंगरखा यंत्रात गेला, खडखडाट झाला, दाते तुटले. ओदिलबाईने चेपलेला मासा चिमटीत धरून विचारलं, "हे सुती आहे का?"

मुक्दाद आमच्यावर गरजला, "कुणाचा हा गाढवपणा?"

मन्नाना त्याच्याकडे बघतच राहिली. "सी मुक्दाद, तुम्हीच तर काल..."

"वर तोंड करून बोलतेस? म्हातारी अडाणी आहे, मादाम. आत्ताच्या आत्ता काढतो तिला. चालती हो!"

साऱ्याजणी सुईत दोरा ओवत बसल्या. आमच्या घराघरांत तिचे मासे होते.

ओदिलबाईला मालकाचा कडकपणा फार आवडला. इथे चूक खपवून घेत नाहीत, असं म्हणत तिने काम दिलं आणि मग सगळे जेवायला बसून माशाच्या कुसकुसवर तुटून पडले. मन्नाना तेव्हा फाटकाबाहेर उन्हात उभी होती. आत बोलावतील, असं तिला वाटत होतं.

हिवाळ्यात मुक्दादला नातू झाला. एक दिवस तो मिठाईचा डबा आणि नातवाचं दुपटं घेऊन तिच्या दारात उभा. मी तिची शेजारीण, तिथेच बसले होते.

"मावशी, झालं गेलं विसर. पोर नुसतं रडतंय. दृष्टच लागलीय. तुझा हात लागू दे."

"मग कामावर येऊ का उद्यापासून?"

"ते बघू गं नंतर. आधी पोराचं बघ."

मन्नानाने दुपटं मांडीवर घेतलं. हरमलचा डबा फळीवरच राहिला, मासेही डबीतच. तिने दुपट्याच्या दुमडीत रिकामी पुरचुंडी बारीक टाक्यांनी नीट शिवली आणि दोरा दाताने तोडला.

"घ्या," ती म्हणाली, "मासा राखो तुमच्या पोराला."