प्राध्यापकांनी लिहून घेतलेलं श्राद्ध

आखातात, हमद टाउनमधल्या चिनी दुकानात ते मला एकदाच भेटले. चिनी समाजातल्या धर्माचा अभ्यास करून निवृत्त झालेले पुण्याचे प्राध्यापक, जवळच्याच रिफा गावात मुलीकडे आलेले. गल्ल्यामागे दुकानदाराच्या आजोबांचा फोटो आणि पुढे ठेवलेली संत्री दिसताच त्यांनी चपला काढल्या. दुकानदार बुटांतच होता.

"तुम्ही इथे श्राद्ध कसं करता?" त्यांनी मला विचारलं. "जन्मभर चिन्यांनाच विचारलं, आपल्या माणसाला आज पहिल्यांदा विचारतोय."

वडील जाऊन नऊ वर्षं झाली. मी एकदाही केलेलं नाही.

"वडिलांचं दरवर्षी साग्रसंगीत करतो, सर."

त्यांनी वही काढली. "सावकाश सांगा. ऐकीव मी लिहीत नाही."

मी पिंड, दर्भ, कावळा, सगळं सांगितलं.

"भाग्यवान हो तुमचे वडील," ते म्हणाले, आणि तेही त्यांनी लिहून घेतलं.