मार्गदर्शकाचा प्रॉम्प्टर

आमच्या शाळेतल्या संगणकांपैकी एकही मला चालवता येत नाही, हे तिघांनाच माहीत होतं: मला, मुख्याध्यापकांना आणि तासिकेवर येणाऱ्या विज्ञानाच्या बाईंना. उरलेल्या तालुक्याच्या लेखी मी संगणक शिक्षणाचा मार्गदर्शक होतो.

दोष माझ्या तोंडाचा. मी मराठीचा मास्तर, पण वीस हिवाळे झाडीपट्टीच्या नाटकांत राजे आणि दारुडे बाप रंगवलेले. ब्रह्मपुरीला शिक्षकांसाठी नेतृत्वाचं प्रशिक्षण झालं. शेवटच्या दिवशी प्रत्येकानं चिठ्ठी उचलून पाच मिनिटं बोलायचं होतं. माझ्या चिठ्ठीत 'संगणक' निघाला. मी असा काही बरसलो की मागच्या रांगेत झोपलेले जागे होऊन टाळ्या वाजवू लागले. पंधरा दिवसांत मार्गदर्शकपदाची ऑर्डर हातात.

मुख्याध्यापकांना म्हटलं, "सर, मले यातलं काई येत नाई."

"भाषण तं लई भारी केलं म्हणे! आता नाव कापाले गेलो तं चौकशी लागते, काऊन कापलं म्हणून."

दोन महिने मी निभावून नेलं. कधी लाइट नव्हती, कधी नेट. मग पत्र आलं: आदर्श पाठ तुम्हीच घ्या, तालुक्यातले शिक्षक तुमच्या शाळेत बघायला येतील. संगणकाच्या खोलीला दार एकच आणि खिडक्यांना गज. तिथं उभा राहून मी दोन्ही नीट पाहून घेतलं.

तासिकेवरच्या माणसाचं नाव ऑर्डरीत बसत नाही, नाहीतर पाठ बाईंनीच घेतला असता. त्या म्हणाल्या, "सर, खरं सांगून टाका ना."

"खबरदार! तुमी पडद्यामागं बसा."

धूळ नको म्हणून कोपऱ्यातल्या कपाटापुढे एक जुना पडदा लावलेला होता. आमच्या नाटकांत रोज नवं गाव, नवा खेळ. पाठांतर कोण करतो? विंगेतून प्रॉम्प्टर बोलतो आणि ते कानावर पडलं की नटाच्या तोंडून बाहेर. माझा सगळा भरवसा त्या सवयीवर होता.

पाठाच्या दिवशी वीसेक शिक्षक दारापर्यंत दाटून बसले. नववीच्या मुली संगणकांपुढे. पडद्यामागून कुजबुज आली, "लूप म्हणजे एकच काम पुन्हा पुन्हा."

"लूप!" मी हात उंचावला. "म्हणजे एकच काम... पुन्हा! पुन्हा!"

माना डोलल्या. चौकोन कसा काढायचा तेही मी गाजवलं. तेवढ्यात एका मुलीनं टेबलाखाली हात घातला आणि पडद्याच्या फटीतून ते पाहून बाई घाबरून म्हणाल्या, "अवं पोरी, वायर उघडी हाये, हात काढ!"

माझ्या कानाला काय कळतं? छाती फुगवून मी गर्जलो, "अवं पोरी, वायर उघडी हाये, हात काढ!"

मुलीनं हात काढला. वीस शिक्षकांनीही आपापले हात उचलले. अजून वाचलो असतो. पण पडद्यामागून आलं, "सर, हे तुमचं वाक्य नाई!"

आणि मी पहिल्या रांगेतल्या मुख्याध्यापकांकडे बोट रोखून, "सर! हे तुमचं वाक्य नाई!"

सगळा श्रोतृवर्ग झाडीपट्टीचा. मागून एक वयस्कर गुरुजी ओरडले, "प्रॉम्प्टरले बाहेर काढा जी!"

हशा थांबेना. पळायला दार मोकळं नव्हतं. मी पडदा ओढला. बाई स्टुलावर वही घेऊन लाल होऊन बसल्या होत्या.

"यांना येतं. मले नाई येत," मी म्हणालो. इतकं वाईट वाक्य मी जन्मात टाकलं नव्हतं. आवाज पहिल्या रांगेच्या पुढेही गेला नाही.

वयस्कर गुरुजींनी चष्मा पुसला. "मलेबी नाई येत जी. दोन वर्षं झाले, मी पोट्ट्याइले संगणकाचं चित्रच काढाले लावतो."

मग आणखी दोघं बोलले. मग पाच. मला वाटलं, सुटलो! मी हळूच पडद्यामागे सरकू लागलो.

"मागं नाई, सर. इथी बसा," बाई म्हणाल्या आणि संगणकापुढची खुर्ची ओढली.

सगळ्यांसमोर मी चौकोन काढायला घेतला. 'चार वेळा' लिहायचं राहिलं. स्क्रीनवरचा बाण फिरतच राहिला.

"थांबाले सांगतलंच नाई तुमी त्याले. पुन्हा करा."

वीस माना पुढे झुकल्या.

ऑर्डरीत अजून माझंच नाव आहे. दर शनिवारी शाळा सुटली की ते सगळे येतात, बाई शिकवतात. पहिली चूक मी करायची, असा बाईंचा नियम. मग बाकीचे न लाजता हात लावतात. कपाटापुढचा पडदा बाईंनी धुवायला म्हणून नेला, तो अजून परत आणलेला नाही.