आठ मोजेपर्यंत मामू

नायगावच्या शाळेत आमचं रक्त गोळा करण्याचं काम चालू असताना छपरातून साप पडला, तेव्हा मामूंची मोजणी पाचवर होती. साप असा की डोकं सहावीच्या वर्गात आणि शेपूट मुख्याध्यापकांच्या खोलीत. आमच्या पथकातल्या डॉक्टरीणबाई टेबलावर, मी टेबलावर ठेवलेल्या खुर्चीवर. मामू जागचे हलले नाहीत. हातातली रक्ताची नळी हळूच उलटी करत, पुन्हा सुलटी करत त्यांनी सहा, सात, आठ पूर्ण केलं, नळी डब्यात ठेवली आणि मग विचारलं, "हां, बोला. किधर है?"

जांभळ्या टोपणाच्या त्या नळीत रक्त साकळू न देणारं औषध असतं. नळी आठ वेळा उलटवली की ते नीट मिसळतं. कमी उलटवली तर गुठळी होते, घुसळली तर पेशी फुटतात. हजारो लोकांचं रक्त जमवायचं आणि लातूरच्या प्रयोगशाळेत त्यातला डीएनए काढायचा, असं आमचं संशोधन. मामू तिथले सगळ्यात जुने तंत्रज्ञ, मूळचे नांदेडचे. मी एम.एस्सी. करून नुकताच लागलेलो. वाऱ्याने उडेन असा बारीक होतो, म्हणून मामू मला 'पैलवान' म्हणत.

गावात लोक सुईला भीत. मग मामू सगळ्यांदेखत आधी माझंच रक्त काढत. "बघा, या काडीतनं निघालं, मरली का काडी?" लोक हसत आणि बाह्या वर करत. त्या वर्षात माझं इतकं रक्त गेलं की त्यावर दोन एकर केळी पिकली असती. देणाऱ्या प्रत्येकाला मामू एकच सांगत, "एकच बार. दुबारा तुमच्या दारात सुई घेऊन येणार नाही. जबान आहे."

लोह्याजवळच्या एका गावात आजींनी हीच जबान ऐकून हात पुढे केला. त्या घरात तिशीनंतर माणसांची नजर जायची. आजींची गेली होती, दोन्ही मुलगे तर आंधळेपणातच वारले. नातवंडांपैकी कुणाच्या नशिबी ते आहे, हे शोधायचं तर आजींचं रक्त हवं होतं, नाहीतर सगळ्या नातवंडांचं. सुना मात्र लेकरांना हात लावू देईनात. आजींची शीर सापडायला तीन वेळा टोचावं लागलं. "भाऊ," त्या मामूंना म्हणाल्या, "झालं न्हवं? आता पुन्यांदा न्हाई."

"नाही, अम्मा."

मे महिना होता. दोन दिवस वीज नव्हती, आमच्या बर्फाच्या पिशव्यांचं पाणी झालेलं. मामूंनी मला बर्फाच्या कारखान्यात पाठवलं. आता, माझा काका कुल्फी विकायचा. बर्फात खडेमीठ टाकलं की गारवा दुप्पट होतो, हे मला पाळण्यात असल्यापासून माहीत. मी दोन किलो मीठ ओतलं आणि स्वतःवर खूश होऊन गाडीत बसलो.

अहमदपूरच्या अलीकडे मामूंनी डबा उघडला. नळ्यांवर बर्फाचा पांढरा थर. आतलं रक्त दगड.

"पैलवान, काय टाकलं?"

"मीठ."

मामू ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी झाकण गच्च लावलं. "रक्त एकदा गोठलं तर चालतंय. वाटेत वितळलं, पुन्हा गोठलं, की डीएनएचा भुगा. लातूरपर्यंत गोठलेलंच राहायला पाहिजे. उतर. अजून मीठ आण."

मी आयुष्यात इतका पळालो नाही. किराणावाला म्हणाला, "एवढं मीठ? गाव वाळवायलात काय?" उसाच्या गाड्यावाल्यापुढे हात जोडून बर्फाची अख्खी लादी उचलली. पुढचा सगळा रस्ता मामू डबा मांडीवर घेऊन, डोळे मिटून बसले. गाडी खड्ड्यात आदळली की त्यांचे ओठ हलत.

लातूरला नव्वद नळ्या थेट मोठ्या फ्रीझरमध्ये गेल्या. "दोन हातांत मावतील तेवढ्याच काढायच्या," मामू म्हणाले. "वितळवल्या की लगेच काम." पहिली नळी कुणाची? माझी. कोमट पाण्यात तिच्यातलं रक्त वितळलं; पेशी फोडल्या, मिठाचं दाट पाणी घालून प्रथिनं खाली बसवली. माझ्याकडे न बघता मामू पुटपुटले, "मीठ इथं टाकायचं असतं." मग वर थंड अल्कोहोल. आम्ही बघत राहिलो. हळूहळू एक पांढरा धागा तरंगायला लागला, शेवईसारखा.

"आहे," मामू म्हणाले.

मग आजींची नळी. ती डब्याच्या कोपऱ्यात होती, जिथला बर्फ आधी वितळतो. अल्कोहोल घातलं. थांबलो. मामूंनी नळी उजेडात धरली, एकदा उलटवली, पुन्हा धरली. धागा आला नाही. नुसतं धुकं. यंत्रानेही तेच सांगितलं: तुकडे तुकडे. बाकीच्या जवळजवळ सगळ्या नळ्या वाचल्या.

प्रयोगशाळेचे प्रमुख सर म्हणाले, "उद्या जाऊन आजींचं पुन्हा घ्या."

"जातो," मामू म्हणाले. सुया, नळ्या सगळं लातूरला ठेवून मला घेऊन गेले.

आजी ओसरीवर होत्या. आवाज ओळखून त्यांनी विचारलं, "भाऊ, सुई आणली का?"

"नाही, अम्मा. सांगायला आलो. तुमचं रक्त आमच्या हातनं बिघडलं."

"आमच्या नाही," मी म्हणालो. "मी बर्फात मीठ टाकलं, आजी. माझ्यामुळं."

दारात सुना उभ्या. मग आजींना हसू फुटलं. "मीठ? माझं लोनचं घालायलास का रं लेकरा?" आणि त्यांनी दंड पुढे केला. "घ्या मग."

मामूंनी तो हात दोन्ही हातांत धरला आणि अलगद त्यांच्या मांडीवर ठेवला. "जबान दिली होती."

आजींनी मान दाराकडे वळवली. "ऐकलं का गं? चुकलं म्हनून सांगायला एवढ्या लांब आलीत ही मानसं. लेकरांचे हात द्या यांना."

सरांनी मामूंना रिकाम्या हाताने परतल्याबद्दल झाडलं. मामूंनी मान खाली घालून ऐकून घेतलं. पुढच्या आठवड्यात त्यांनी मला एकट्यालाच पाठवलं. सात नातवंडं, सात नळ्या. प्रत्येक नळी मी आठ वेळा उलटवली. थोरली सून प्रत्येक वेळी मोठ्याने माझ्याबरोबर मोजत होती.

संध्याकाळी लातूरला मामू प्रयोगशाळेच्या दारातच उभे होते. डबा उघडून त्यांनी एकेक नळी उजेडात धरली, तिरकी केली, परत ठेवली. सातवी ठेवल्यावर हातमोजे काढले, द्रव मोजून घ्यायचं पिपेट माझ्या हातात दिलं आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले. कामाच्या वेळी मामू बसलेले मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.