साठीच्या दिवशी मी बोलले नाही

नवस बोलायचा तर आवडीची वस्तू सोडावी लागते, असं माझी आई सांगायची. कुणी वांगं सोडतं, कुणी चहा. सात वर्षांमागं आमच्या ह्यांना अर्धांगाचा झटका आला. हात-पाय सुधारले, पण वाचा गेली. तेव्हा मी निलंग्याला, माझ्या माहेरच्या महादेवासमोर उभी राहिले आणि म्हटलं, ‘देवा, ह्यांना बोलतं कर. मी एक दिवस, उगवतीपासून मावळतीपर्यंत, मौन धरून तुझ्या दर्शनाला येईन.’ मला बोलण्याइतकं आवडीचं दुसरं काही नाही, हे महादेवालाही ठाऊक आहे. फक्त मुदत मागून घेतली. डॉक्टरांनी ह्यांच्याशी सतत बोलत राहायला सांगितलं होतं, मग लगेच गप्प कशी बसू? म्हटलं, माझ्या साठीला फेडीन.

किस्से काही ठरवून होत नाहीत. भाकरीच्या टोपल्यासारखं असतं ते, एकेक टाकत गेलं की कधी भरलं कळत नाही. माझं टोपलं मात्र त्या एका दिवसात भरलं.

*

आधी सांगायला हवं, की महादेवानं त्याचं काम केलं होतं. वर्षभरात हे बोलायला लागले. थांबत थांबत, शब्द शोधत, पण बोलायला लागले. फक्त घरात, आणि फक्त माझ्याशी. तीस वर्षं वर्गात गणित शिकवलेला माणूस उंबरा ओलांडला की ओठ मिटायचा. ‘लोक हसतात,’ एवढंच म्हणायचे. मग बँकेत मी बोलायची, दवाखान्यात मी बोलायची.

एकदा कटिंगच्या दुकानातून मला फोन आला. “काकू, सर आरशात बघून नुसते मान हलवायलेत. मिशी ठेवू का काढू?”

मी म्हटलं, “ठेवा.” सात वर्षं ह्यांची मिशीसुद्धा मीच बोलत होते.

*

साठी जवळ आली तसा पुण्याहून मुलाचा, मिलिंदचा फोन. लातुरात हॉल बघितलाय, साठ दिव्यांनी ओवाळायचं, दोनशे माणूस.

मी म्हटलं, “मला निलंग्याला जायचंय. एसटीनं. जाऊन येऊन एका दिवसात.”

“आई, साठ एकदाच येतं.”

“एकसष्टही एकदाच येतं रे. तेव्हा कर.”

“अगं, नवस काय, दुसऱ्या दिवशी फेड.”

“साठीला म्हणून कबूल केलंय. हॉल घ्यायचा तर घे. मी मखरात बसेन देवासारखी, पण दिवसभर बोलणार नाही. दोनशे माणसांना चालेल का विचार.”

त्यानं हॉल सोडला. मग हळूच म्हणाला, “पण आई, त्या दिवशी बाबांचं कसं? बाहेर त्यांच्यासाठी कोण बोलणार?”

नवस बोलले तेव्हा हे ध्यानातच आलं नव्हतं.

*

त्या दिवशी सकाळी सव्वासहालाच पहिला फोन वाजला. निलंग्याचा माझा धाकटा भाऊ, गणपत. मी फोन ह्यांच्यासमोर धरला. हे फोनकडे बघत राहिले. वाजून वाजून बंद झाला. परत वाजला, परत बंद झाला. तिसऱ्यांदा मी फोन ह्यांच्या मांडीवर ठेवून देवघरात जाऊन बसले. कान मात्र बाहेर.

बऱ्याच वेळानं ह्यांचा आवाज आला. “ती... आज... बोलणार नाही.”

फोन स्पीकरवर होता. तिकडून गणपत म्हणाला, “कोण बोलायलंय?”

“मी.”

“मी कोण?”

हे शब्द जुळवेपर्यंत गणपतनं “राँग नंबर लागला वाटतं” म्हणून फोन ठेवून दिला. सात वर्षांत त्यानं दाजींचा आवाज ऐकलाच नव्हता.

मला वाटलं, संपलं. आता हे दिवसभर तोंड उघडत नाहीत. बाहेर डोकावले तर हे फोनवर बोट फिरवत गणपतचं नाव शोधत होते.

*

एसटीत सोबतीला शेजारच्या सुमनबाई होत्या. आमच्या भजनी मंडळात पहिला आवाज त्यांचा. मी त्यांना आदल्या दिवशीच शपथ घातली होती, ह्यांच्या वतीनं एक शब्द काढायचा नाही.

कंडक्टर आला. “कुठं जायचं, काकू?”

मी ह्यांच्याकडे बोट केलं. माझ्या पर्समध्ये ‘निलंगा, तीन’ असं लिहिलेली चिठ्ठी होती. अगदीच अडलं तर असावी म्हणून घेतली होती. ह्यांचे ओठ हलत होते, शब्द येत नव्हता. मागचा माणूस म्हणाला, “लवकर करा की राव.” माझा हात पर्सकडे गेला. मी पर्स उचलली आणि तिच्यावर बसले.

“निलंगा,” हे म्हणाले. मग दम घेऊन, “तीन... हाफ.”

ह्यांची पासष्टी झालेली, आम्ही दोघी बायका, त्यामुळं तिघांनाही अर्धंच तिकीट.

कंडक्टर तिकीट काढत म्हणाला, “म्हंजे तिघं मिळून दीडच माणूस.”

ह्यांनी सुमनबाईंकडे बघितलं. “त्यात... बोलणारा... अर्धाच.”

सुमनबाई खिडकीकडे तोंड करून हसायलेल्या, आणि मी पदर तोंडात कोंबून बसलेली. मौनात हसू चालतं का, हे कुठल्या पोथीत लिहिलेलं नाही.

*

देवळात अभिषेक सांगितला. गुरुजी म्हणाले, “कुणाच्या नावानं?”

मी हात जोडून गप्प. सुमनबाई शपथेनं गप्प. मागं रांग.

“मंगल,” हे म्हणाले. एका दमात, न अडखळता.

लग्नाला अडतीस वर्षं झाली. घरात मी ‘अगं’, बाहेर ‘मिलिंदची आई’. माझं नाव ह्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं, तेही पिंडीसमोर. अभिषेकाचं पाणी मला धड दिसेना.

बाहेर आल्यावर सुमनबाईंना राहवलं नाही. “सर, असं कोरडं नाव घेतात व्हय? उखाणा घ्या की.”

“उखाण्याला,” हे म्हणाले, “मुक्काम... करावा लागेल.”

*

गणपतकडं धपाटे-दही खाऊन संध्याकाळी निलंग्याच्या स्टँडवर आलो. दिवस मावळतीला लागलेला. लातूरची गाडी लागायची होती. एवढ्यात चाळिशीचा एक माणूस आला आणि ह्यांच्या पाया पडला.

“सर, ओळखलं का? तुमच्या वर्गात होतो. सतराच्या पाढ्यावरून उभं करायचे मला.”

हे त्याच्याकडे बघत राहिले. अशा वेळी एरवी मी पुढं होते. ‘सरांना बोलायला त्रास होतो हो,’ असं सांगते, आणि समोरचा मुकाट निघून जातो.

“म्हण,” हे म्हणाले.

“आता, सर?”

“म्हण.”

त्या माणसानं इकडं तिकडं बघितलं, बॅग खाली ठेवली आणि हात मागं बांधले. “सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस...” सतरा सक एकशे दोनपर्यंत आला आणि अडकला. “सतरा साते... सतरा साते...”

“सतरा साते एकशे एकोणीस,” ह्यांनी उचललं. “सतरा आठे एकशे छत्तीस. सतरा नवे एकशे त्रेपन्न. सतरा दाहे एकशे सत्तर.” वर्गातला आवाज. बाकड्यावरची माणसं वळून बघायलेली. “आता... अठराचा.”

सुमनबाईंनी मला कोपरानं ढोसलं. “मंगलताई, कवाच मावळला की दिवस. फिटला नवस. बोला आता.”

मी ओठावर बोट ठेवलं आणि त्यांना गप्प बसवलं. लातूर येईपर्यंत मी बोलले नाही.

बायांनो, तुमचाही वाढदिवस येईल. हॉल घ्या, केक कापा, माझं काही म्हणणं नाही. पण एक दिवस मला द्या, आणि तुमच्या घरात ज्याच्या वतीनं तुम्ही बोलता, त्याला सोबत घेऊन एसटीत बसा. पर्स मांडीवर ठेवू नका.