मावशीची मूठ

आज लोणावळ्याच्या दवाखान्यात डॉक्टरबाईंनी मला रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून गोळी लिहून दिली. म्हणाल्या, "पालेभाजी सोडू नका, पण रोज सारखीच खा. गोळी एकीकडे ओढते, पालेभाजी दुसरीकडे."

खिडकीबाहेर धुकं होतं. मी थेट सत्तरच्या दशकातल्या खंडाळ्यात पोचले.

वडील रेल्वेत होते. पायात गुठळी झाल्यावर तेही अशीच गोळी घ्यायचे. ठाकरवाडीतली एक मावशी पावसाळ्यात त्यांच्यासाठी टोपलीभर टाकळा, म्हणजे रानातली पालेभाजी, आणायची. तिला नको म्हणणं वडिलांना जमेना. आठवडाभर दोन्ही वेळा टाकळाच. रक्त तपासलं तर गोळीचा परिणाम उतरलेला, पाय पुन्हा सुजलेला.

कळल्यावर मावशीनं दारातच टोपली खाली ठेवली. मग मूठ मिटून म्हणाली, "आता रोज येवढीच आणीन, भाऊ. कमी न्हाई, जास्त न्हाई."

पाऊस सरला, भाजी बदलली, मूठ तीच राहिली. वडील पुढं कितीतरी वर्षं चालते-फिरते होते.

आज भाजी निवडताना मी माझी मूठ मिटून पाहिली. मावशीची केवढी होती, काही केल्या आठवेना.

तुमच्या घरी कुणाच्या हाताचं माप चालायचं?