पुढच्या उजव्या चाकाचा बोल्ट

हरिहरसारखा निरुपद्रवी माणूस हॉलंडमधल्या अख्ख्या हार्लेममध्ये शोधून सापडायचा नाही. दारू नाही, आवाज चढवणं नाही, कुणाच्या अध्यात ना मध्यात. खोड एकच, आणि तिनंच संसाराचं वाटोळं केलं. काहीही समोर आलं की म्हणायचा, बघू की. नळ गळतोय, बघू. गेमेंटेचं, म्हणजे तिथल्या नगरपालिकेचं, पत्र आलंय, बघू. सांगलीला घरचे कौतुक करायचे, आमचा हरी किती शांत! शांत कसला डोंबलाचा, पक्का चालढकल्या.

२०२० च्या जानेवारीत त्याच्या बायकोला, सुचेताला, साताऱ्याला जायचं होतं. तिची आई आजारी होती. हा म्हणाला, सध्या ऑफिसात नव्या सॉफ्टवेअरचं रिलीज आहे, मे महिन्यात सगळेच जाऊ, बघू. मार्चमध्ये विमानं बंद झाली आणि जूनमध्ये आई गेली. आईला दिलेला अग्नी सुचेतानं मोबाइलवर पाहिला, तोही अडकत अडकत. त्यानंतर ती हरिहरशी कधी भांडली नाही. हा खुळा मनात म्हणाला, चला, निवळलं. अरे, भांडणाऱ्या बायकोला निदान तुझ्याकडून काहीतरी हवं असतं!

गणपतीत मंडळाची ऑनलाइन आरती झाली तेव्हा दोघं एकाच चौकटीत शेजारी बसून टाळ्या वाजवत होते. बघणाऱ्यांना वाटलं, लक्ष्मीनारायणाचा जोडा.

पुढच्या मार्चमध्ये सुचेताला ग्रोनिंगनच्या विद्यापीठात नोकरी लागली. तिनं तिथं भाड्यानं घर घेतलं आणि सांगितलं की शनिवारी ती वल्लरीला घेऊन जाणार, परत यायला नाही. वल्लरी त्यांची सहा वर्षांची मुलगी. गाडी तू ने, असं हरिहर स्वतःच म्हणाला, कारण या साथीत पोरीला ट्रेनमध्ये बसवायला त्याचा जीव धजेना. बोलून बसला आणि मग त्याला आठवलं की गाडीचा पुढचा उजवा ब्रेक अख्खा हिवाळा किंचाळतोय. ब्रेकची नवी डिस्क, म्हणजे चाकामागची तबकडी, आणि बोल्ट कधीचे मागवलेले होते. खोकं सायकलींच्या शेडमध्ये तसंच पडून होतं. गॅरेजवाला म्हणाला, मंगळवारच्या आधी जमणार नाही.

शनिवारी सकाळी त्यानं रस्त्यातच गाडी जॅकवर चढवली. डिस्क बदलायची तर तिला कवटाळून बसलेला ब्रेकचा जबडा आधी सोडवावा लागतो. तो दोन बोल्टांवर असतो. खालचा सुटला. वरचा, बर्फासाठी रस्त्यावर टाकतात त्या मिठानं गंजून ठार बसला होता. हरिहरनं पान्ह्याला लांब पाइप लावला आणि अंगातला सगळा जोर पणाला लावला. बोल्टाचं डोकं तुटून हातात आलं. उरलेला तुकडा आतच अडकला, नखाएवढा बाहेर डोकावत. पक्कड लावली तर घसरून बोटांची सालटी निघाली.

तापवायला हवं होतं. घरात इंडक्शनची शेगडी, तिच्यावर वांगं काय भाजणार? म्हणून भरतासाठी सुचेतानं छोटा गॅस टॉर्च आणला होता. तो तिच्या बांधलेल्या खोक्यात गेला होता. त्यानं मागितल्यावर तिनं चिकटपट्टी फाडून तो काढला, आणि याचे हात रक्ताळलेले बघून स्वतःच खाली आली. त्यानं ब्रेकची नळी बाजूला बांधून ठेवली. ती ज्योत धरायची, तो पक्कड फिरवायचा. कितीतरी महिन्यांनी दोघं इतकी जवळ बसली होती. तिच्या केसांना शिकेकाईचा वास येत होता. त्याला मनापासून वाटायला लागलं की हा बोल्ट निघूच नये. मंगळवारपर्यंत ती राहील, तेवढ्यात काही बोलता येईल. बुडत्याला काडीचा आधार.

आणि नेमका तेव्हाच पक्कडीखाली बोल्ट कणभर फिरला. हाताला स्पष्ट कळलं. सुचेताला दिसलं नव्हतं.

हरिहरनं पक्कड काढून घेतली. "नाही गं निघत," तो म्हणाला. "मंगळवारी गॅरेजला बघू."

सुचेतानं टॉर्च बंद केला. ती रागावली नाही, उलट दमल्यासारखी दिसली.

"नको बघूस," ती म्हणाली. "आम्ही ट्रेननं जातो. सामान नंतर मागवते."

ती उठायच्या आत त्यानं पक्कड पुन्हा लावली आणि तिच्या देखत बोल्ट फिरवून फिरवून बाहेर काढला. तिला काय कळायचं ते कळलं. ती वर गेली आणि खोकं पुन्हा बांधायला बसली.

मग मात्र हरिहरनं आयुष्यात केलं नसेल इतकं नीट काम केलं. बोल्टाच्या भोकातले आटे ब्रशनं साफ केले, डिस्क बसवली, नवे बोल्ट हव्या तेवढ्याच ताकदीनं आवळले. दुसऱ्या बाजूचं चाकही उघडून पाहिलं. गल्लीत चार फेऱ्या मारून ब्रेक दाबून दाबून बघितले. जेवायला तो वर गेलाच नाही.

निघताना सुचेतानं एवढंच विचारलं, "ब्रेक चांगले आहेत ना? पोर आहे मागे."

"चांगले आहेत."

तिनं लगेच विश्वास ठेवला, हेच त्याला जास्त लागलं. वल्लरीनं काच खाली करून डच भाषेत टाटा केला. गाडी गल्लीच्या टोकाशी पोचली आणि मागचे लाल दिवे लागले. गाडी जागच्या जागी थांबली. हरिहर हातातलं फडकं टाकून धावत सुटला.

समोरून एक म्हातारी सायकलवर चालली होती. ती पलीकडे गेली, दिवे विझले आणि गाडी वळली.