गावाने भरलेली किड्यांची पेटी

"शेतकऱ्याचा पोरगा आन् किड्याला भितो!" हॉस्टेलवर माझी ही कीर्ती पहिल्याच आठवड्यात पसरली. भ्यायचो खरा, त्यात लपवायचं काय? पुण्यातलं आमचं शेतकी कॉलेज इंग्रजांच्या काळातलं, दगडी, आणि कीटकशास्त्राचा नियमही तितकाच जुना. प्रत्येकाने तीस वेगवेगळे किडे स्वतः धरायचे, टाचणीने पेटीत लावायचे आणि प्रत्येकाखाली चिठ्ठी चिकटवायची: कीड, पीक, गाव आणि धरणाऱ्याचं नाव. या विषयात मी एकदा गचकलो होतो. परत गचकलो की वर्ष बुडालं. आणि तिकडे विंझरला आमचे वडील, अण्णा, दिसेल त्याला सांगत सुटलेले, पोरगं शेतीतलं सायब होनार!

दिवाळीच्या सुट्टीत रिकामी पेटी घेऊन घरी गेलो आणि अण्णांना खरं काय ते सांगून टाकलं. ते रागावले नाहीत. "येवढंच व्हय?" म्हणाले आणि चपला घालून बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात ही जत्रा! भाताची कापणी ऐन भरात, तरी माणसं काड्यापेट्या, डब्या, पदराच्या गाठी घेऊन हजर. नुसते नाकतोडेच अकरा. आत्याने तर चक्क खेकडा आणला.

"आत्या, किड्याला सहा पाय असतात. हा न्हाई चालत."

"का न्हाई? बांद पोखरतो, भात तोडतो, आन् ह्यो किडा न्हाई? तुजं कालिज शिकवतं तरी काय रं?"

मी वैतागून हात जोडले. तिने तणतणत खेकड्याचं कालवण केलं आणि संध्याकाळी एक भुंगेरा आणून माझ्यापुढे आपटला. वर सगळ्यांचं एकच टुमणं: "म्या धरलाय, माजंच नाव लिव." समोर उभं राहून लिहून घ्यायचे. मग मीही विचारायचो, कुठं घावला, काय खात होता? एकेकजण अर्धा अर्धा तास सांगायचा. चार दिवसांत पेटी भरली आणि मी हसून हसून बेजार झालो.

परीक्षेच्या दारात माझा खोलीतला दोस्त पेटी बघून किंचाळला, "येड्या, चिठ्ठ्या बदल, मेलास!" पण तेवढ्यात माझा नंबर पुकारला.

बाहेरून आलेले परीक्षक चष्मा सावरून चिठ्ठ्या मोठ्याने वाचू लागले. माझी आत्या, शेजारची काकू, पिठाच्या गिरणीवाले तात्या, सगळ्यांची नावं त्या दगडी हॉलमध्ये घुमली.

"यात तुझं नाव कुठंय?"

"नाही सर. मी एकही धरला नाही. मला भीती वाटते."

हॉलमध्ये हशा पिकला. परीक्षक मात्र हसले नाहीत. "मग एकेकाची माहिती सांग."

मी सुटलोच! कुठल्या खाचरात, पानाच्या कुठल्या बाजूला, किती नुकसान. तिसाव्या किड्यापर्यंत थांबलो नाही. परीक्षक म्हणाले, "नियम मोडलास, मार्क कापणार. काठावर पास."

धावतच पीसीओ गाठला. विंझरच्या किराणा दुकानात फोन लावला. दुकानदाराने अण्णांना बोलावून आणेपर्यंत मी मीटरवर पळणारे पैसे मोजत राहिलो.

"अण्णा, पास झालो!"

फोन हातात धरूनच अण्णा दुकानाबाहेर तोंड काढून ओरडल्याचं ऐकू आलं, "आरं, आपुन पास झालो रं!" आणि मग तिकडे असा गलका उठला की मला रिसीव्हर कानापासून लांब धरावा लागला.